बार सुटला की सोडला? बाबांची बंदूक माझ्या नावावर होईपर्यंतचा माझा अनुभव

बाबा 2023 च्या फेब्रुवारीत गेले. बाराव्याला पोलीस पाटील काका जेवून उठले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, बाय, बंदूक आधी ठाण्यात जमा कर, परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नाही. दुसऱ्याच दिवशी दादा आणि मी बंदूक गोणपाटात गुंडाळून आणि काडतुसं वेगळ्या डब्यात घालून ठाण्यात नेऊन दिली, पावती घेतली. ही पावती जिवापाड जपा, पुढे प्रत्येक टेबलावर तीच मागतात.

बंदूक आजोबांनी घेतलेली, एकनळी बाराबोर, जुन्या पद्धतीची म्हणजे घोडा बाहेर असलेली. आमचं तळकोकणातलं घर, वर काजू आणि थोडे आंबे, खाली मळ्यात भात. दादा डोंबिवलीला, शेती-बाग मीच बघते. रानडुकरं एका रात्रीत भाताचा अर्धा कुणगा लोळवून जातात, वानरं कोवळे काजूसुद्धा सोडत नाहीत. मारायचं म्हटलं तर वनखात्याची परवानगी लागते, आम्हाला मारायचं नसतंच, एक बार काढला की कळप दोन-चार दिवस फिरकत नाही एवढंच.

पण मला ती बंदूक हवी होती आणि मी तिला घाबरतही होते, दोन्ही खरं आहे. त्याचं कारण सांगते.

मी अकरा वर्षांची होते. गणपती होऊन गेले होते, भात पोटरीला आलेलं, पाऊस चालूच. बाबा रात्री मळ्यातनं भिजून आले, काडतूस भरलेलंच होतं आणि घोडा ओढलेला. पडवीत उभं राहून ते घोडा हळूच खाली सोडत होते. ज्यांनी जुनी बंदूक हाताळली नसेल त्यांच्यासाठी सांगते, अंगठ्याने घोडा धरायचा, चाप दाबायचा आणि घोडा सावकाश पुढे न्यायचा, सगळी भिस्त अंगठ्यावर. अंगठा ओला होता. मी त्यांच्या उजव्या बाजूला हातभरावर टॉवेल घेऊन उभी होते. बार उडाला, वरची कौलं फुटून खाली आली, पाऊस थेट आत यायला लागला आणि मला काहीच ऐकू येईना. आई ओरडतेय हे तिच्या तोंडाकडे बघून कळत होतं. बंद जागेत बाराबोरचा आवाज 150 डेसिबलच्या वर जातो, कानाला तेवढा एकच पुरतो. माझ्या डाव्या कानाला तेव्हापासून कमी येतं.

आजी म्हणाली, देवान वाचवल्यान. आणि गावात सगळ्यांना सांगितलं गेलं, बार आपसूक सुटलो. पुढे वीस-बावीस वर्षं घरात हेच वाक्य चाललं. बाबा त्यावर कधी बोलले नाहीत, फक्त त्या दिवसापासून बंदूक माजघरातल्या कपाटात आणि काडतुसं आईच्या ट्रंकेत, दोन्हीच्या किल्ल्या वेगळ्या.

तर आता परवान्याचं. आधी एक गोष्ट, जी आम्हाला फार उशिरा कळली. 2016 चे जे आर्म्स रूल्स आहेत त्यात वारसाला परवाना द्यायची सोय आहे आणि त्यासाठी माणूस जायची वाट बघायची गरज नाही, परवानाधारकाचं वय 70 झालं किंवा त्याने बंदूक 25 वर्षं बाळगली, जे आधी होईल ते, की तो हयात असतानाच वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. बाबांची दोन्ही कधीच पूर्ण झाली होती. तुमच्या घरात असं कोणी असेल तर आत्ताच करून घ्या, कारण नंतर मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, बाकीच्या वारसांची ना हरकत, सातबारा, डॉक्टरांचा दाखला अशी सगळी जमवाजमव दुःखात करावी लागते.

अर्ज ऑनलाइन भरला, प्रिंट घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी दिला, तो ऑगस्ट 2023. तिथल्या एका टेबलावर विचारलं गेलं, भाऊ आहे ना, मग तुम्हाला कशाला बंदूक? मी सातबारा पुढे केला आणि म्हटलं शेतात रात्री मी जाते, भाऊ नाही. मग पोलिसांची चौकशी, घरी येऊन बंदूक कुठे ठेवणार ते बघून गेले, शेजाऱ्यांना विचारलं, ते सगळं नीट झालं. पण फाइल पुढे सरकेना. मार्च 2024 ला लोकसभेची आचारसंहिता लागली, जूनपर्यंत सगळं ठप्प, उलट ज्यांच्याकडे परवाने होते त्यांच्यातल्याच कितीतरी जणांना बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागल्या. जूननंतर पुन्हा खेटे. तेव्हा समजलं की प्रशिक्षणाचा दाखला, तो एस-1 नमुन्यातला, लावलेलाच नाही. दहा महिन्यांत एकदाही कोणी हे सांगितलं नव्हतं, याचा मला अजून राग आहे, कारण सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच आहे.

प्रशिक्षण एका रायफल क्लबमध्ये झालं, ऑक्टोबर 2024 चा पहिला आठवडा. नुकतीच 1 तारखेला पहाटे अभिनेते गोविंदा यांना स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागल्याची बातमी आली होती, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडी तेच. रिव्हॉल्व्हर हातातनं पडलं आणि गोळी सुटली असं सांगितलं गेलं होतं. सरांनी, ते सैन्यातनं रिटायर झालेले, त्यावर एवढंच सांगितलं की जुन्या बनावटीच्या हत्यारात घोडा थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेला असतो, दणका बसला की उडू शकतं, म्हणून ठेवताना, काढताना, पुसताना ते रिकामंच हवं. आणि हातातनं निसटलं तर पडू द्यायचं, झेलायला जायचं नाही, झेलताना बोट नेमकं चापात अडकतं. हे ऐकायला सोपं आहे पण आपला हात आपोआप पुढे जातो, आमच्याकडून त्यांनी रिकाम्या बंदुकीवर चार-पाचदा करून घेतलं, खाली गादी टाकून.

मग त्यांनी बंदूक मधे मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, नळी रिकामी आहे हे सगळ्यांना दाखवलं, मिटली, माझ्या हातात दिली आणि विचारलं, ताई, भरलेली आहे का? मी म्हटलं नाही, तुम्ही आत्ताच दाखवलीत की. ते म्हणाले, मी दाखवली, तुम्ही कुठे बघितली? परत मोडायला लावली, काडतुसाच्या जागी करंगळी घालून चाचपायला लावली. दिवसभरात ती बंदूक आठ हातांतनं फिरली असेल आणि प्रत्येकाने घेताना तेच करायचं. बंदूक कायम भरलेलीच समजायची, ज्याला इजा करायची नाही त्याच्याकडे नळी न्यायची नाही, नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर, आणि समोर काय आहे नि त्याच्या मागे काय आहे ते ओळखल्याशिवाय बार नाही. हे चार नियम या रूपात जेफ कूपर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने रूढ केले, आता जगभर शिकवतात. आमच्याकडे ‘डुक्कर समजून बार मारला’ अशा बातम्या पेपरात येतात, त्या सगळ्या चौथ्या नियमाच्या आहेत. अंधारात झुडूप हललं म्हणजे डुक्कर नसतं, ते शेजारच्या बागेतला राखणदारही असू शकतो.

मी विचारलं की आम्ही तर हवेतच काढतो. ते म्हणाले हवेत म्हणजे कुठे? वर गेलेलं खाली येणारच. 6 नंबरचे बारीक छर्रे दोन-सव्वादोनशे मीटर जातात, एलजी काडतुसातले मोठे छर्रे त्याच्या कितीतरी पुढे, आणि तुमच्या मळ्यापासून वाडी किती लांब आहे? मी गप्प झाले, वाडी दीडशे मीटरवर आहे. लग्नात, मिरवणुकीत हौसेने बार काढण्याला तर 2019 च्या दुरुस्तीपासून 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

दुपारी चहाच्या वेळी मी त्यांना बाबांचं सांगितलं. म्हटलं आमच्याकडे एकदा बार सुटला होता. ते म्हणाले, ताई, सुटला नाही, सोडला. भरलेली बंदूक घरात आणली, तिथेच झालं. घोडा खाली घ्यायची वेळच का यावी, बंदूक मळ्यातच मोडून काडतूस काढलं असतं तर घोडा पडला असता तरी नुसता टक्क आवाज. बरोबर होतं त्यांचं, पण मला फार लागलं. बाबांची बाजू घ्यायला ते नव्हते. घरी येताना एसटीत मी सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते.

मग विधानसभेची आचारसंहिता, पुन्हा थांबा. शेवटी फेब्रुवारी 2025 मध्ये परवाना हातात आला, 5 वर्षांचा. ठाण्यातनं बंदूक सोडवली ती थेट परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे नेली, दोन वर्षं पडून असलेली बंदूक तशीच वापरू नका. त्यांनी नळीतनं कुंभारीण माशीचं मातीचं घर काढलं, सुपारीएवढं. ते आत असताना बार काढला असता तर नळी फाटली असती आणि डावा हात गेला असता. काडतुसं जुनी, कागदी, दमटपणाने फुगलेली, ती नव्या परवान्यासोबत घ्यायची नाहीत असं ठरवलं, आता खडकीच्या कारखान्याची प्लास्टिकच्या वेष्टनाची घेते.

आणि मग त्यांनी घोडा खोलून मला दाखवला. ज्या खाचेत चापाचं टोक अडकून घोडा उभा राहतो ती खाच झिजलेली. भिंगातनं बघितली, कडा गोल झालेली. म्हणाले ही आजची झीज नाही, जुनी आहे, अशा बंदुकीचा घोडा चाप न दाबताही घसरू शकतो. मी स्टुलावर बसले. म्हणजे त्या रात्री अंगठा सटकला की खाच, हे आता कधीच कळणार नाही. सरांचं म्हणणं तरीही उरतंच, भरलेली आणायलाच नको होती. पण मला त्या दुकानात बसून एकच दिसत होतं, बाबांनी घोडा खाली घेताना नळी कौलांकडे धरली होती. मी हातभरावर होते, आई दारात, आजी झोपाळ्यावर. काहीही बिघडलं तरी नळी कुठे आहे यावरच सगळं होतं, आणि ती वर होती. हे मी दादाला फोन करून सांगितलं, तोही बराच वेळ काही बोलला नाही.

खाच नवीन करून घेतली. आता बंदूक मोडूनच हातावर आडवी नेते, कुंपणाचं बेडं ओलांडताना किंवा दगडी गडगा चढताना काडतूस खिशात, जांभ्यावर शेवाळ असतं, पाय कधी जाईल सांगता येत नाही. बार काढायचा तो वाडीच्या उलट दिशेला, डोंगराच्या उभ्या कापाकडे, कानात बोळे घालून. एखादं काडतूस फुटलंच नाही तर नळी तिकडेच धरून अर्धा मिनिट थांबते, उशिरा फुटणारं काडतूस असू शकतं, लगेच मोडायची नाही.

परवा मे महिन्यात दादाचा मुलगा आला होता, तोही अकरा वर्षांचाच. मी मागच्या पडवीत बंदूक पुसत बसले होते, मोडलेली, नळी चिऱ्याच्या भिंतीकडे. तो डाव्या बाजूने येऊन काहीतरी म्हणाला, मला नीट आलं नाही. मी बंदूक तशीच उघडी बाकावर ठेवली, हात पुसले आणि मग वळून त्याला म्हटलं, हां, आता सांग.