आधी ती पंधरा पानं

मी इतिहास शिकवते आणि माझं आडनाव शेख आहे. त्यामुळे कुणी ना कुणी मला सतत विचारत असतं, "मॅडम, मुसलमानांबद्दल एखादं चांगलं पुस्तक सांगा ना. सुरुवात कुठून करू?" विचारणाऱ्यांत स्टाफरूममधले सहकारी असतात, स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागलेले माजी विद्यार्थी असतात, बिल्डिंगमधल्या काकूही असतात. बहुतेकांना मनापासून जाणून घ्यायचं असतं. मी मात्र जिन्यात उभ्या उभ्या दोन नावं सांगते आणि निघते, मग दिवसभर चुटपुट लागून राहते. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहिते.

धर्माची ओळख करून देणारी पुस्तकं आधी घेऊ नका. ती वाईट असतात असं नाही. पण असं पुस्तक मिटताना डोळ्यांसमोर एक ठरावीक मुसलमान उभा राहतो, आणि तसा माणूस ना सेनेगलमध्ये सापडत, ना चिपळूणमध्ये, ना आमच्या गल्लीत. त्यापेक्षा एक माणूस धरा. त्याने स्वतःबद्दल काय लिहिलं ते वाचा आणि इतरांनी त्याच्याबद्दल काय लिहिलं तेही वाचा. मी सुचवते तो माणूस आहे उमर इब्न सईद. त्याचं आत्मचरित्र हस्तलिखितात अवघं पंधरा पानांचं आहे.

उमरचा जन्म १७७० च्या आसपासचा. गाव पश्चिम आफ्रिकेतल्या फुटा टोरो प्रांतात, म्हणजे आजच्या सेनेगलमध्ये, नदीकाठी. जमात फुलानी. पंचवीस वर्षं शिकलो, असं तो स्वतः सांगतो. १८०७ साली गावावर फौज चालून आली, पुष्कळ माणसं मारली गेली आणि उमर पकडला गेला. त्याला किनाऱ्यावर नेऊन जहाजात कोंबलं. दीड महिन्याच्या प्रवासानंतर तो अमेरिकेतल्या चार्ल्सटन बंदरात उतरला आणि विकला गेला. आफ्रिकेतून गुलाम आणायला अमेरिकेत कायद्याने बंदी आली ती १ जानेवारी १८०८ पासून. म्हणजे व्यापार बंद व्हायच्या अगदी तोंडावर, व्यापारी मिळेल तितका माल उतरवून घेत होते तेव्हाची ही गोष्ट. त्या मालात हा पस्तिशी ओलांडलेला विद्वान होता.

पहिला मालक जॉन्सन नावाचा. उमरने त्याचं वर्णन दोन ओळींत संपवलंय: लहानखुरा, दुबळा, दुष्ट माणूस, देवाचं भय म्हणून नाही. उमर तिथून पळाला. चालत चालत नॉर्थ कॅरोलायनातल्या फेएटव्हिलपर्यंत पोहोचला, एका प्रार्थनास्थळात नमाज पढायला शिरला आणि तिथे धरला गेला. तुरुंगात त्याने कोळशाने भिंतींवर अरबी लिहिलं, असं सांगतात. ते बघायला गावातली माणसं जमू लागली. पुढे ओवेन घराण्याने त्याला घेतलं. या घराण्यातला एक भाऊ नंतर नॉर्थ कॅरोलायनाचा गव्हर्नर झाला. उरलेलं सगळं आयुष्य उमर या घराचा गुलाम होता. अमेरिकेत गुलामगिरी संपायच्या थोडं आधी, नव्वदी पार करून, तो गुलाम म्हणूनच वारला.

आत्मचरित्र १८३१ सालचं. कुणीतरी लिहायला सांगितलं म्हणून लिहिलेलं. सुरुवातीलाच तो म्हणतो की मला माझं चरित्र लिहिता येणार नाही, माझी भाषा मी बरीचशी विसरलोय आणि अरबीही. पण त्याच्याही आधी त्याने आठवणीतून कुराणातला एक सूरा, म्हणजे अध्याय, उतरवून काढलाय. सदुसष्टावा, अल-मुल्क. सारी सत्ता आणि मालकी एका अल्लाहच्याच हाती, असं म्हणत तो सूरा सुरू होतो. ज्या माणसाची मालकी कागदोपत्री दुसऱ्या माणसाकडे आहे, त्याने आपली गोष्ट सांगण्याआधी हे लिहिलं. कुराणात एकशे चौदा सूरे आहेत. नेमका हाच का, हे मी वर्गात विचारते आणि मुलं बरोबर उत्तर देतात, मला काही सांगावं लागत नाही.

पुढे तो मालकाची स्तुतीही करतो. मला मारत नाहीत, उपाशी ठेवत नाहीत, शिव्या देत नाहीत, असं लिहितो. आधी पहाटेच्या आत मशिदीत जात होतो, आता येशूची प्रार्थना म्हणतो, असंही लिहितो. त्याचा बाप्तिस्मा झाला होता. मग तो मुसलमान राहिला की ख्रिस्ती झाला? यावर अभ्यासकांचे आजही वाद आहेत. माझं मत असं, की गुलामाच्या तोंडून एक स्वच्छ उत्तर मागणं हाच अन्याय आहे. ज्याला 'नाही' म्हणायची मुभा नव्हती, त्याच्या 'हो'चं वजन आपण काय करणार? त्याने दोन्ही लिहून ठेवलंय. आपणही दोन्ही वाचावं.

त्या काळात इंग्रजीत आलेल्या गुलामांच्या आत्मकथांवर पुष्कळदा गोऱ्या संपादकाचा हात फिरलेला असे. उमरच्या पानांवर तसा हात फिरला नाही, कारण आजूबाजूच्या कुणाला अरबी वाचताच येत नव्हती. याचा एक पुरावा मला फार हलवून जातो. १८५७ सालचं एक कार्ड आहे, त्याच्या हातचं, अरबी अक्षरांतलं. मागच्या बाजूला कुणीतरी इंग्रजीत नोंद केलीय की ही येशूने शिकवलेली प्रार्थना आहे आणि लिहिणारा भला ख्रिस्ती आहे. प्रत्यक्षात कार्डावर कुराणातला एकशे दहावा सूरा आहे, ज्यात लोक झुंडीने अल्लाहच्या धर्मात येताना दिसतात. एकाच कार्डाच्या पुढच्या बाजूला माणूस स्वतः काय म्हणतो ते आणि मागच्या बाजूला तो कोण आहे हे ठरवून टाकणारं दुसऱ्याचं अक्षर. मुसलमानांबद्दलचं कुठलंही पुस्तक, सिनेमा, बातमी हातात आली की मी हे कार्ड आठवते आणि आपण कुठली बाजू वाचतोय ते तपासते.

वंशाचा प्रश्नही इथेच येतो. काळ्या माणसाला अक्षर येत नाही, बुद्धी नसते, म्हणून तो गुलाम, असा सगळा बनाव होता. हा माणूस तर झरझर लिहीत होता. मग त्याला पाहून बनाव खोटा ठरायला हवा होता. झालं उलटंच. हा खरा आफ्रिकी नाहीच, हा अरब राजपुत्र आहे, असं छापून येऊ लागलं. त्याच सुमारास मिसिसिपीतल्या नॅचेझ गावी अब्दुल रहमान इब्राहिम नावाचा गुलाम होता, आजच्या गिनीतल्या फुटा जालोनच्या राजघराण्यातला. त्याने अरबीत पत्र लिहिलं, तर सरकारने त्याला मोरोक्कोचा मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतला मुसलमान, समजून ते मोरोक्कोला पाठवलं. तिथल्या सुलतानाने रदबदली केली आणि १८२८ साली तो सुटला. चाळीस वर्षं गुलामीत गेल्यानंतर. पुढच्याच वर्षी लायबेरियातल्या मन्रोव्हियात वारला, स्वतःच्या गावी पोहोचलाच नाही. काळेपणाची व्याख्या सोयीप्रमाणे कशी सरकते, हे कुठल्याही सिद्धांतापेक्षा या दोघांच्या आयुष्यातून चटकन कळतं.

उमरचं हस्तलिखित मधली कित्येक दशकं हरवलेलं होतं. १९९५ साली व्हर्जिनियातल्या एका जुन्या ट्रंकेत ते सापडलं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतलं आणि आता पानंच्या पानं इंटरनेटवर मोफत आहेत. मोबाइलवर बोटांनी मोठं करून बघा. शाई तपकिरी पडलीय, अक्षर पश्चिम आफ्रिकी वळणाचं. अरबी येत नसलं तरी बघा, इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवा. ऱ्हिआनन गिडन्स आणि मायकेल एबल्स यांनी त्याच्यावर ऑपेरा केला. तो पहिल्यांदा रंगमंचावर आला २०२२ साली चार्ल्सटनमध्येच, ज्या बंदरात उमर विकला गेला होता. पुढच्या वर्षी त्याला संगीताचं पुलित्झर मिळालं.

आता कुणी म्हणेल, गोऱ्यांचं साम्राज्य वाईट होतं, ठीक आहे, मुसलमान राजवटींत तर रंगभेद नव्हता ना? हे मला माझ्याच नातेवाइकांकडून जास्त ऐकावं लागतं, आणि त्यांनाही मी वर्गात दाखवते तेच एक चित्र दाखवते. डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयातलं, अबुल हसनने १६१६ च्या सुमारास काढलेलं. बादशहा जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, गोल बैलाच्या पाठीवर, बैल माशावर. हातात धनुष्य. समोर भाल्याच्या टोकावर एक कापलेलं काळं मुंडकं, त्यावर घुबड, आणि बाण त्या मुंडक्यात. ते डोकं मलिक अंबरचं. कडेच्या फारसी मजकुरात त्याच्या काळ्या रंगावर घाव घातलेत.

आमच्या शहरातल्या मुलांना मलिक अंबर परका नाही. खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर, त्याने १६१० साली वसवली, त्याच्या नहरीचं पाणी शहराने शेकडो वर्षं प्यायलं. इथिओपियात जन्मलेलं पोर, पुन्हा पुन्हा विकलं जात बगदादमार्गे दख्खनेत आलं आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झालं. मालोजी आणि शहाजी भोसले याच निजामशाहीचे सरदार. १६२४ साली भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांना एकत्र पाणी पाजलं. वर्गात चित्र पाहून एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, म्हणजे जहांगीरने त्याला मारलं?" नाही मारलं. ते डोकं बादशहाला आयुष्यात मिळालं नाही. हाती लागेना म्हणून चित्रात कापून घेतलं. अंबर १६२६ साली, पंचाहत्तरी उलटून, आपल्या मरणाने मेला आणि खुलताबादला दफन झाला. मारायला निघालेला मुसलमान, ज्याला मारायचं तोही मुसलमान, आणि शिवी मात्र कातडीवरून. हे लपवून ठेवून आपलं काही भलं होणार नाही. त्याच जहांगीरच्या दरबारी इतिहासकाराने अंबर मेल्यावर लिहून ठेवलं की युद्धात, कारभारात, अकलेत त्याला तोड नव्हती, आणि एवढी उंची गाठलेला दुसरा हबशी गुलाम इतिहासाला माहीत नाही. मोठेपणा कबूल केला, पण त्यातही 'हबशी गुलाम' काही सुटलं नाही.

उमर आणि अंबरनंतर माल्कम एक्स यांचं, या काळ्या अमेरिकन मुस्लिम नेत्याचं, आत्मचरित्र घ्या. १९६५ साली त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी पुस्तक आलं. ते सांगत गेले, अ‍ॅलेक्स हेली लिहीत गेले. 'नेशन ऑफ इस्लाम' या काळ्या अमेरिकनांच्या मुस्लिम संघटनेत असताना गोरा माणूस म्हणजे सैतान अशी त्यांची शिकवण होती. १९६४ च्या एप्रिलमध्ये हजला गेले, तिथून पत्र लिहिलं की निळ्या डोळ्यांच्या, गोऱ्या कातडीच्या माणसांबरोबर मी एका ताटात जेवलो, एका पेल्यातून पाणी प्यालो. मतं बदलल्यावर आधीची प्रकरणं सुधारायची त्यांची इच्छा होती, पण हेलींनी समजावलं आणि ती तशीच राहू दिली. म्हणून या पुस्तकात जुना माणूसही आहे आणि नवाही, दोघेही तितक्याच पोटतिडकीने बोलतात. मक्केतलं ते प्रकरण वाचताना माझे डोळे भरून येतात. तरीही तुम्हाला सांगते, सौदी अरबस्तानात गुलामगिरी कायद्याने बंद झाली १९६२ साली. त्या पत्राच्या फक्त दोन वर्षं आधी. ताट खरं होतं आणि हेही खरं होतं.

एडवर्ड सईद यांचं 'ओरिएंटॅलिझम' (१९७८) सगळे पहिल्यांदा सुचवतात. पश्चिमेने पूर्वेचं चित्र कसं रंगवलं, ते सांगणारं थोर पुस्तक आहे. लिहिणारे पॅलेस्टिनी, ख्रिस्ती घरातले. पण ते नंतर वाचा. उमरचं कार्ड मनात असेल तर त्यातलं अवघड पानही सोपं जातं. 'द बॅटल ऑफ अल्जियर्स' (१९६६) हा सिनेमा मात्र कधीही बघा. फ्रेंच राजवटीविरुद्ध लढणाऱ्या अल्जीरियन बायका चौकी ओलांडण्यासाठी फ्रेंच बायकांसारख्या सजतात, केस कापतात, तो प्रसंग दोनदा बघा. कॅफेत ठेवलेला बॉम्ब आणि तिथे आइस्क्रीम खाणारं लहान मूल, दोन्ही एकाच कॅमेऱ्याने दाखवलंय. दिग्दर्शकाने प्रेक्षकाला सुटका दिलेली नाही.

"आणि मराठीत काय?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. हमीद दलवाईंची 'इंधन' वाचा. १९६५ ची कादंबरी. दुखण्यातून उठलेला माणूस बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परततो आणि त्याच्या डोळ्यांदेखत गाव पेट घेतं. दलवाईंची सामाजिक मतं तुम्हाला पटोत न पटोत, त्यावरून आमच्या घरात आजही वाद होतात, पण त्या गावातला एकही मुसलमान 'मुसलमान असा असतो' या साच्यात बसत नाही. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. तिथून लिहित्या झालेल्या माणसांच्या कथा-कविता आता वाचनालयांत मिळतात, ग्रंथपालांना विचारा.

आणि एक मागणं आहे. उमरची पंधरा पानं थेट अरबीतून मराठीत यावीत, इंग्रजीच्या मध्यस्थीशिवाय. अरबी आणि मराठी दोन्ही उत्तम येणारी माणसं मराठवाड्यात, कोकणात, मालेगावात, सोलापुरात आहेत. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर त्यांना हे वाचून दाखवा. टंकलेखन आणि मुद्रितशोधन मी करीन.