मारुती ८०० च्या सस्पेन्शनसाठी साताऱ्याहून सांगली

साताऱ्याहून सांगली सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. लोअर आर्म, टायरॉड एन्ड आणि मूठभर बुशांसाठी एवढं अंतर तोडायचं म्हटल्यावर घरात काय ऐकून घ्यावं लागलं ते सोडा. लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, टायरॉड एन्ड म्हणजे स्टेअरिंग चाकाला जोडणारा सांधा, आणि बुश म्हणजे जोडाच्या जागी बसणारी रबराची नळी. गाडी २००१ ची ८००. पंधरा वर्षं उलटली की दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि त्याआधी तपासणी, ती तारीख जवळ आलेली. त्यात यवतेश्वरचा घाट उतरताना पुढच्या डाव्या बाजूने टक-टक आवाज.

आमच्या मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली आणि चाक धरून हलवलं. ही तपासणी कुणालाही घरी करता येते. घड्याळाच्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हललं तर संशय टायरॉड एन्डवर किंवा स्टेअरिंग रॅकच्या आतल्या सांध्यावर. बारा आणि सहाला धरून हललं तर बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोळ्याचा सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग. त्या दोघांतला फरक असा: दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. प्ले, म्हणजे ढिलेपणा, गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. आमचा राहिला. शिवाय आर्मच्या बुशात पहार घालून जरा रेटल्यावर रबर आतल्या नळीपासून सुटलेलं दिसलं.

साताऱ्यात आधी शोधलंच. पण काउंटरवर आता स्विफ्ट, वॅगनआर आणि बोलेरोचा माल, ८०० चं नाव काढलं की माणूस माळ्यावर चढतो. एके ठिकाणी कंपनीच्या बंद डब्यातला लोअर आर्म निघाला आणि मी खूश झालो. मिस्त्रींनी तो उजेडात नेला, बुशाची कड अंगठ्याने दाबली. कडेला केसासारख्या भेगा उघडल्या. बॉल जॉइंटचं बूट, म्हणजे त्यावरची रबरी टोपी, बोटात दुमडलं, तर घडीवर पांढरट रेघ उमटली. "लोखंड ओरिजिनल हाय भाऊ, रबर म्हातारं झालंय," म्हणाले आणि डबा परत दिला.

मला या सगळ्या प्रकरणात हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. जुन्या गाडीवाले आपण "ओरिजिनल जुना स्टॉक" ऐकलं की पाघळतो. पण सस्पेन्शनमध्ये झिजतं ते बहुतेक रबर, आणि रबर डब्यातसुद्धा वय वाढवतं. हवेतला ऑक्सिजन, ओझोन आणि पत्र्याखालची उष्णता त्याला कडक करत राहतात. दहा वर्षं माळ्यावर पडलेल्या अस्सल बुशापेक्षा चांगल्या कंपनीचा यंदाचा बुश कधीही बरा. म्हणून दुकान निवडताना मी आता एवढंच बघतो की तिथे या गाडीचा माल खपतो का. जिथे खप, तिथे रबर ताजं.

सांगली निवडली ती याच हिशेबाने. पुण्याची नाना पेठ मोठी आहे, अंतरही जवळपास तेवढंच, पण तिथे गाडी लावायला जागा शोधण्यात निम्मा जीव जातो. उलट सांगलीच्या आसपास, तासगाव-कवठेमहांकाळकडे, द्राक्षबागेत जाणाऱ्या ८०० आणि ओम्नी अजून रोज रस्त्यावर दिसतात. त्यांना माल लागतो, म्हणून दुकानदार ठेवतो. आणि प्रेस, लेथ हाकेच्या अंतरावर.

८०० स्टँडवर ठेवून, सुटे केलेले दोन्ही आर्म आणि टायरॉड एन्ड पोत्यात गुंडाळून आम्ही मिस्त्रींच्या ओम्नीतून निघालो. जुना पार्ट बरोबर नेणं ही अट समजा. मोबाइलमधल्या फोटोवरून स्टडचा, म्हणजे सांध्याच्या पिनेचा, टेपर (निमुळतेपणा) कळत नाही. रस्त्याबद्दल थोडक्यात: महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या कामामुळे कराडजवळ वेळ हाताशी ठेवा, तासवड्याला टोल आहे, आणि पेठ नाक्यावरून डावीकडे आष्टामार्गे सांगली. पेठ-सांगली रस्त्याची ख्याती ज्यांनी भोगली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. सस्पेन्शनचे पार्ट आणायला त्याच रस्त्याने जाण्यात एक प्रकारचा न्याय आहे.

शंभर फुटी रोडच्या बाजूला गाड्यांच्या कामाची बरीच दुकानं आहेत. दारात चकचकीत सीट कव्हर टांगलेली दुकानं आम्ही सोडली. ज्या काउंटरवर हाताला ग्रीस लागलेली पोरं उभी होती तिथे शिरलो. गॅरेजवाले जिथून नेतात तिथे खराब माल फार दिवस टिकत नाही, दुसऱ्याच दिवशी शिव्यांसकट परत येतो.

काउंटरवरच्या अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, "कार्ब्युरेटर का एमपीएफआय?" म्हणजे इंजिनात पेट्रोल जुन्या पद्धतीने जातं की इंजेक्शनने. ८०० हे एकच नाव १९८३ पासून २०१४ पर्यंत चाललं. १९८६ ला बॉडी बदलली, पुढे इंजिन बदललं, मधे बारीकसारीक बदल होत राहिले. आरसी आणि चॅसिस नंबरचा फोटो जवळ ठेवा, वाद मिटतो.

टायरॉड एन्ड राणे कंपनीचे घेतले. जोडी हजाराच्या आत येते, त्यामुळे इथे लोकल घेऊन पैसे वाचवण्यात काही अर्थ नाही. हातात घेतल्यावर बघायचं ते असं: स्टड बोटांनी फिरवला तर जड पण एकसारखा फिरला पाहिजे. कुठे अडकला किंवा अगदी सैल लोळला तर परत. जुन्याशेजारी उभा करून आटे, टेपरची जाडी आणि स्प्लिट पिनचं भोक जुळवायचं. पार्टवर कोरलेलं नाव-नंबर डब्याशी जुळतो का पाहायचं. डब्यावर महिना, वर्ष आणि एमआरपी छापणं कायद्याने बंधनकारक आहे, ते छापलेलं नसेल किंवा त्यावर दुसरं स्टिकर असेल तर विचारा. आणखी एक: २२ सप्टेंबर २०२५ पासून या मालावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्याआधी छापलेल्या किमतीचा डबा पुढे आला तर पक्कं बिल मागायला लाजू नका. आम्ही मागितलं. अण्णा हसले, "घ्या की, बिल काय आपलं हाय?"

आर्मच्या बाबतीत दोन मार्ग होते. बॉल जॉइंट आणि बुश बसवलेला पूर्ण नवा आर्म, किंवा जुन्या आर्मात नुसते बुश. बॉल जॉइंट गेलेला असल्यामुळे डावीकडे पूर्ण आर्म घेतला. उजव्याचा बॉल जॉइंट घट्ट होता, बूटही शाबूत, म्हणून तिथे नुसता बुश. तो हातोड्याने ठोकून बसवणारे महाभाग आहेत, त्यांच्यापासून गाडी लांब ठेवा. कुपवाडच्या बाजूला एका लेथवाल्याच्या हायड्रॉलिक प्रेसवर काम झालं. प्रेसवाला पोरगा हुशार. जुना बुश काढण्याआधी त्याने खडूने आर्मवर खूण केली, कारण काही बुशांच्या रबरात पोकळी असते आणि ती कोणत्या दिशेला आहे याला महत्त्व असतं. मग नळीच्या कडेवर दाब देऊन, रबराला न दुखवता, नवा बुश सरळ आत सरकवला.

लालभडक पॉलियुरेथेनचे बुशही दाखवले गेले. टिकतात म्हणे. पण ८०० मध्ये मुळातच हादरे कमी नाहीत, त्यात हे कडक. मी नाही म्हटलं.

शॉकअब्सॉर्बरची पुढची जोडी गॅब्रिएल कंपनीची घेतली. एकच गळत असला तरी दोन्ही बदलायचे, नाहीतर ब्रेकला गाडी वाकडी बसते. त्याबरोबर वरचं माउंटिंग, बंप स्टॉप आणि धुळीचं कव्हर घ्यायला विसरू नका. स्ट्रट (शॉकअब्सॉर्बर आणि स्प्रिंगची जोडणी) पुन्हा उघडण्याची मजुरी त्या रबरांपेक्षा महाग पडते. रॅकला आम्ही हात लावला नाही, फक्त त्यावरची फाटलेली बेलोज (घडीदार रबरी कव्हरं) बदलली. जुन्या रॅकवर सोना असं नाव दिसेल, ती कंपनी आज जेटेक्ट इंडिया या नावाने आहे. नवा मागताना हे उपयोगी पडतं.

भंगारातल्या पार्टबद्दल माझं मत: स्प्रिंग, नकल (ज्यावर चाक बसतं तो लोखंडी भाग), ब्रॅकेट सरळ असतील तर खुशाल घ्या. बॉल जॉइंट, टायरॉड एन्ड, रॅक कधीच नाही. स्टेअरिंग हातात फिरत राहतं आणि चाक जिकडे जायचं तिकडे जातं, असली काटकसर कुणाच्या कामाची?

साताऱ्यात परतल्यावर फिटिंग. इथे निम्मी गॅरेजं चुकतात म्हणून सविस्तर सांगतो. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना आर्मच्या बुशाचा बोल्ट पूर्ण आवळला, तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की बुश कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. मग दोष मालाला. बोल्ट नुसता लावून घ्यायचा, गाडी चाकांवर उभी करायची, पुढून दोन-चारदा दाबून बसवायची आणि मग शेवटचा आवळा. स्टॅबिलायझर बारच्या बुशांनाही हेच. स्प्लिट पिन नवी, नायलॉनचे नट नवे. जुना टायरॉड एन्ड किती आट्यांत सुटला ते मोजून नवा तेवढाच घातला, म्हणजे अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी सरळ जाते. टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, लावून घेणं मात्र टाळता येत नाही, नाहीतर नवे टायर कडेने खरवडून निघतात. पाचशे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासले, एक किंचित फिरला.

मागच्या ट्रेलिंग आर्मचे बुश अजून बाकी आहेत. त्यासाठी परत जाणार नाही. अण्णांकडे आता माझ्या गाडीचा चॅसिस नंबर आहे, माल आला की ते डबा उघडून पार्टचा उजेडातला फोटो आणि छापलेला महिना पाठवतात, आणि पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सने साताऱ्याला येतं. जुळला नाही तर त्याच गाडीने परत, हे आधीच बोलून ठेवा.