थंड डबा, गरम डबा : सैनिकांच्या रेशनच्या आठवणी

सैनिकांच्या डायऱ्या, पत्रं, म्हातारपणी दिलेल्या मुलाखती हे सगळं मी बरीच वर्षं मिळेल तसं वाचत आलोय आणि एक गोष्ट सारखी दिसते, लढाईबद्दल माणूस चार वाक्यांत आवरतं घेतो पण त्या दिवसांत खायला काय होतं हे विचारलं की थांबत नाही. कुठला डबा वाट्याला आला, कोणाबरोबर बदलला, गरम करायला काय जाळलं, सगळं पन्नास वर्षांनीही लख्ख आठवत असतं. आणि मजा म्हणजे चवीबद्दल त्यात फार कमी असतं. गरम होतं का गार, परत तेच होतं का वेगळं, बसून खाल्लं का चालता चालता, एकट्याने का चौघांनी मिळून, यावरच मत ठरलेलं असतं. रेशन बनवणारी माणसं कॅलरी मोजतात, ते बरोबरच आहे, पण पोटात न गेलेल्या कॅलरीचा उपयोग काय?

हे माझं नुसतं मत नाहीये, १९८३ मध्ये अमेरिकन सैन्याने याचा मोठा प्रयोगच केला होता. १९८१ पासून त्यांच्याकडे टिनच्या डब्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या पाकिटातलं एमआरई आलं होतं, म्हणजे तयार जेवण, फोडा आणि खा. हवाईमध्ये एका तुकडीला सरावावर ३४ दिवस फक्त हेच दिलं. रोजचा शिधा ३,६०० कॅलरींचा, आणि सैनिकांनी खाल्लं किती तर जेमतेम २,२०० च्या आसपास. वजनं उतरली. पण चव कशी वाटली असं विचारल्यावर त्यांनी गुण चांगले दिले होते! मग हेच पदार्थ अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना ४५ दिवस दिले, नीट टेबल-खुर्चीवर, ताटात घेऊन, गरम करून, आणि ती पोरं रोज ३,१०० च्या वर कॅलरी खात होती, वजनात फारसा फरक नाही. अन्न एकच. बदललं काय तर बसायची जागा, हातात असलेला वेळ, गरम करायची सोय आणि डोक्यावरचं टेन्शन. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो कारण सैनिक शंभर वर्षं जे सांगत होते तेच इथे आकड्यांत दिसलं.

शंभर वर्षं म्हणजे खरंच. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना मॅकोनोकी नावाचा डबा मिळायचा, सलगम, गाजर, बटाटा, थोडं मांस आणि पातळ रस्सा. खंदकातल्या लोकांच्या लिखाणात हा डबा दोन वेगवेगळे पदार्थ असल्यासारखा येतो, गरम केला तर बरा, काहींना तर आवडायचाही, आणि गार खाल्ला तर वर गोठलेली चरबी आणि खाली पाणी, घशाखाली उतरायचा नाही. पुढच्या फळीत जाळ करायची सोय नाही कारण धूर दिसला की तोफ तिथेच, त्यामुळे ज्याला जास्त गरज त्यालाच गार डबा. १९१५ च्या उन्हाळ्यात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या आघाडीवर तर उलटीच तऱ्हा, तिथे उन्हाने बुली बीफ, म्हणजे खारवलेलं गोमांस, डब्यातच वितळून पातळ व्हायचं आणि जॅमचा डबा उघडला की माश्यांचा थर बसायचा, घास तोंडात जाईपर्यंत माशी हाकलायची हेच जेवण. तिथे हगवणीने इतकी माणसं आजारी पडली त्यात या माश्यांचा मोठा वाटा.

त्याआधी अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, हार्डटॅक होतं. पीठ आणि पाणी, कधी मीठ, भाजून दगड केलेलं चौकोनी बिस्किट. दाताने तुटायचं नाही म्हणून रायफलच्या दस्त्याने फोडायचे, आणि किडे असले तर गरम कॉफीत बुडवायचं, किडे वर तरंगतात, ते चमच्याने काढून टाकायचे आणि पुढे खायचं. हे सगळं ते लोक अगदी साधेपणाने लिहितात, तक्रारीचा सूर फारसा नाही. तक्रार येते ती कॉफी मिळाली नाही की. कॉफी असली की बिस्किटही चालतं. एका गरम घोटाने अख्ख्या जेवणाबद्दलचं मत बदलतं हे मला तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक सैन्याच्या आठवणीत सापडलंय, ब्रिटिशांनी तर दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या सेंच्युरियन रणगाड्यापासून आतच पाणी उकळायचं यंत्र बसवलं, कारण चहा करायला रणगाड्याबाहेर पडणं जिवावर बेतणारं होतं. माझ्या मते रेशनच्या इतिहासातली ही सगळ्यात शहाणी खरेदी.

आता कंटाळा. चवीपेक्षा, गार असण्यापेक्षाही जास्त माणसं याबद्दल बोलतात. दुसऱ्या महायुद्धातलं के-रेशन घ्या, मिनेसोटा विद्यापीठातले ॲन्सेल कीज यांनी ते सुचवलं, खिशात मावेल असे तीन छोटे खोके, सकाळ-दुपार-रात्र, तिन्ही मिळून ३,००० च्या आसपास कॅलरी. थोड्या दिवसांपुरतं म्हणून ते उत्तम होतं आणि पहिल्यांदा खाणाऱ्या पॅराशूट सैनिकांनी नावाजलंही. पण १९४४ मध्ये ब्रह्मदेशच्या जंगलात अमेरिकन जनरल मेरिलच्या तुकडीने यावर महिनोन्‌महिने काढले. डोंगर चढायचे, पाठीवर ओझं, वर मलेरिया आणि जुलाब, आणि खायला तेच तीन खोके. कित्येकांची वजनं १५-१५ किलोंनी उतरली. त्या लोकांच्या आठवणी वाचताना जीव तुटतो, कारण जे चार दिवसांपुरतं बनवलं होतं ते चार महिने खायला लावणं हा पदार्थाचा दोष नाही, तो वरून ठरवणाऱ्याचा दोष आहे, आणि शिव्या मात्र त्या बिचाऱ्या डब्याला बसल्या. त्याच खोक्यात लिंबाच्या सरबताची पूड असायची, क जीवनसत्त्व मिळावं म्हणून मुद्दाम घातलेली. ती इतकी आंबट की सैनिक तिला बॅटरीतलं ॲसिड म्हणायचे आणि फेकून द्यायचे. जीवनसत्त्व कागदावर आलं, पोटात गेलं नाही.

एक रेशन तर मुद्दामच बेचव बनवलं होतं. १९३७ मध्ये अमेरिकन सैन्यातल्या कॅप्टन पॉल लोगन यांनी हर्शी कंपनीला सांगितलं की आणीबाणीसाठी चॉकलेट हवंय, वजन चार औंस, कॅलरी ६००, कडक उन्हात वितळलं नाही पाहिजे, आणि चवीला उकडलेल्या बटाट्यापेक्षा जरासंच बरं, म्हणजे पोरं आधीच फस्त करणार नाहीत. ते साधलं. पण इतकं साधलं की पोरांनी आणीबाणीतही ते खायचं टाळलं, सुरीने तासून खावं लागायचं, दात दुखायचे, काही जण सरळ टाकून द्यायचे. मला या निर्णयामागची भीती कळते, पण सैनिक आपलं अन्न जपून ठेवणार नाही असं धरून चालणं मला पटत नाही.

मला सगळ्यात जास्त आवडतात त्या व्हिएतनाममध्ये लढलेल्या अमेरिकन सैनिकांच्या आठवणी. तेव्हा डबे होते, एका खोक्यात १२ जेवणं, प्रत्येकात साधारण १,२०० कॅलरी. डबा उघडायला पी-३८ नावाचा दीड इंची पत्र्याचा ओपनर, तो गळ्यातल्या ओळखबिल्ल्याच्या साखळीत अडकवायचा, आणि आजही कित्येक म्हातारे तो चावीच्या जुडग्यात घेऊन फिरतात. खोकं आलं की ते उलटं करून उघडायचं म्हणजे वरची नावं दिसत नाहीत आणि कोणाला काय येईल ते नशिबावर, अधिकाऱ्यालाही तोच नियम. हॅम आणि लिमा बीन्स, म्हणजे डुकराचं मांस आणि पावट्यासारखे दाणे, ज्याच्या वाट्याला येईल त्याचं तोंड उतरायचं, या डब्याला त्यांनी दिलेलं नाव इथे लिहिता येणार नाही इतकं घाण आहे. आणि पीचचा डबा किंवा पाउंड केक आला की तो माणूस त्या दिवसाचा राजा. दोन्ही एकदम असेल तर केकवर पीचचा पाक ओतून खायचं, हे वर्णन इतक्या वेगवेगळ्या लोकांनी इतक्या प्रेमाने केलंय की मला ते न खाताही माहीत आहे. गरम करायला इंधनाच्या वड्या मिळायच्या पण संपल्या की सी-फोर स्फोटकाचा चिमूटभर गोळा पेटवायचा, नुसता पेटवला तर तो फुटत नाही, जोरात जळतो, दोन मिनिटांत डबा गरम. त्यासाठी लोक सुरुंगातलं स्फोटक काढून घ्यायचे आणि मग सुरुंग पोकळ, अधिकाऱ्यांची झोप उडायची. गरम जेवणासाठी माणूस किती पुढे जातो बघा.

रणगाड्यावरच्या लोकांत जर्दाळूचा डबा अपशकुनी मानायचे, गाडीत आणूच द्यायचे नाहीत. पुढे एमआरईत चार्म्स नावाच्या चघळायच्या गोड गोळ्या आल्या तेव्हा अमेरिकेच्या मरीन दलातल्या लोकांनी त्यांच्याबद्दल तेच धरलं, पाकीट फोडलं की आधी त्या गोळ्या फेकायच्या. याला अंधश्रद्धा म्हणून सोडून देऊ नये असं मला वाटतं. ज्यांच्या हातात दिवसभरात ठरवण्यासारखं काहीच नसतं त्यांना एक गोष्ट तरी स्वतः फेकून देता येते.

अदलाबदल हा तर वेगळाच विषय. एमआरईमधलं हलपेनो मिरचीचं चीज म्हणजे चलनी नाणंच, त्याच्या बदल्यात काहीही मिळतं. टबॅस्को या तिखट सॉसची चिमुकली काचेची बाटली यायची ती पण तशीच, कारण कुठल्याही कंटाळवाण्या पाकिटाला ती वाचवायची. कोकोची पूड, साखर, कॉफीतली दूध पावडर आणि थोडं पाणी कालवून पुडिंग करतात, आणि ते खाताना जो आनंद दिसतो तो छापील मेन्यूतल्या पदार्थाला कधी मिळत नाही कारण हे त्यांनी स्वतः बनवलेलं असतं. अफगाणिस्तानात वेगवेगळ्या देशांचे सैनिक एकत्र होते तेव्हा फ्रेंच डब्याला सगळ्यात भाव होता, बदकाचं मांस वगैरे असायचं त्यात, एकाच्या बदल्यात किती अमेरिकन पाकिटं द्यायची यावर प्रत्येकाची आठवण वेगळी आहे पण ‘एकास एक’ असं कोणीच म्हणत नाही.

आणि शिव्या खाल्लेलं एमआरई सुधारलं, हेही सांगायला हवं. पोट आठवडाभर साफ होत नाही ही तक्रार तर विनोदांचा कायमचा विषय, भाज्यांच्या ऑम्लेटचं पाकीट लोकांना इतकं नकोसं झालं की चार-पाच वर्षांत काढावं लागलं. पण नव्वदच्या दशकात प्रत्येक पाकिटात हीटर आला, मॅग्नेशियम आणि लोखंडाची पूड, त्यात थोडंसं पाणी घातलं की दहा-बारा मिनिटांत जेवण गरम, ना जाळ ना धूर. मॅकोनोकीचा गार डबा खाणाऱ्याला हे मिळायला हवं होतं. मेन्यूही १२ वरून २४ झाले. पिझ्झा सैनिक कितीतरी वर्षं मागत होते, अडचण अशी की सॉसचं पाणी ब्रेडमध्ये उतरतं, ब्रेड ओला होतो आणि ओलाव्यात जंतू वाढतात, आणि पाकीट तर २७ अंशांत तीन वर्षं टिकलंच पाहिजे. शेवटी २०१८ मध्ये तो आला. चवीवरून अजून भांडणं चालतात, काहींना गारच आवडतो.

माझं म्हणाल तर कुठल्याही नव्या रेशनला चवीचे गुण विचारून पास करू नये. तुकडीला पावसात, रात्रीच्या अंधारात, हातमोजे घालून, अर्धी झोप झालेली असताना ते द्यावं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या कचऱ्याच्या पिशव्या उघडून बघाव्यात. लिंबाची पूड तिथे सापडली तर ती रेशनमध्ये नव्हतीच असं धरावं.