आईची पाठ आणि मागचे शॉक

चवथीनंतर आज पहिल्यांदाच आईला मागे बसवून साखळीहून म्हार्दोळला महालसेच्या दर्शनाला गेलो. गेल्या खेपेला माशेलपर्यंत पोचतानाच तिची पाठ धरली होती. गतिरोधक आला की गाडी मागून 'धप्प' करून आपटायची, वळणावर हँडल हलकं लागायचं. मागचे शॉक (धक्के झेलणारे स्प्रिंगचे दांडे) गेलेत, बदला, असं एका गॅरेजवाल्याने सांगितलं होतं. मन मानेना.

म्हणून सकाळी टेप घेऊन बसलो. मेन स्टँडवर मागचं चाक अधांतरी असताना चाकाच्या अ‍ॅक्सलपासून सीटखालच्या बोल्टपर्यंत माप घेतलं. मग आम्ही दोघं बसलो, भावाने परत मोजलं. ६० मिमी खाली! मागचं चाक एकूण वर-खाली होतं १२० मिमीच्या आसपास, म्हणजे निम्मी चाल बसतानाच संपली. खड्ड्यासाठी उरतं काय? साधारण तिसरा हिस्सा दबला तर बरं.

हुकाच्या पान्याने शॉकवरची स्प्रिंग दाबून धरणारी रिंग दुसऱ्या खाचेवरून पाचव्या खाचेवर नेली, दोन्ही बाजूंना सारखीच. एक कमी, एक जास्त राहिली तर गाडी वाकडी चालते. गंज होता, आधी ब्रशने घासून तेल सोडावं लागलं. आता दोघं बसल्यावर गाडी ४३ मिमीच खाली जाते. यात स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त योग्य उंचीवर राहते, हे मला आजच नीट उमगलं. मागच्या टायरची हवाही दोघांच्या वजनाप्रमाणे भरली.

देवळाच्या पायऱ्यांशी आई उतरली, कंबरेला हात न लावता. परत येताना म्हणाली, "माशेलात थांबूया मरे, फुलां घेऊंक."

उद्या एकटा जाईन तेव्हा रिंग परत दुसऱ्या खाचेवर. पाना डिकीतच ठेवलाय.