अंबू बॅग: ईएमटीच्या शिक्षणातलं सगळ्यात कमी लेखलेलं कौशल्य

ईएमटीच्या, म्हणजे रुग्णवाहिकेतल्या आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाच्या, वर्गात पहिले काही दिवस सगळ्यांचं लक्ष छाती दाबण्याकडे असतं. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. मॅनिकिनमधला (सरावाच्या पुतळ्यातला) 'टक' आवाज ऐकू आला की मुलं खूश होतात, आणि हे दोन-तीन दिवसांत जमतंही. अंबू बॅग, म्हणजे मास्कमधून पेशंटला श्वास देण्यासाठी हाताने दाबायची पिशवी, मात्र सोपी वाटते म्हणून तिच्यावर अर्धा तास घालवून पुढे जातात. माझ्या मते प्रशिक्षणातली सगळ्यात मोठी चूक हीच.

महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झालेल्या १०८ रुग्णवाहिका सेवेच्या गाडीत पायलटबरोबर (चालकाबरोबर) डॉक्टर असतो. इतर अनेक राज्यांत, आणि आपल्याकडच्या खासगी गाड्यांत, मागे बऱ्याचदा एकटा ईएमटी असतो. श्वास थांबलेला पेशंट, एक बॅग आणि आपले दोन हात. म्हणून हे नीट शिकायचं.

मास्कचं निमुळतं टोक नाकाच्या वरच्या हाडावर, रुंद बाजू खालचा ओठ आणि हनुवटी यांच्यामधल्या खळगीत. डोळ्यांवर चढला तर मोठा, हनुवटीखाली घसरला तरीही मोठा. अंगठा आणि तर्जनी मास्कवर, बाकीची तीन बोटं जबड्याच्या हाडावर. हाडावरच. हनुवटीखालच्या मऊ भागात बोटं रुतली की जीभ मागे ढकलली जाते आणि जो रस्ता उघडायचा तोच बंद होतो. नवशिके मास्क चेहऱ्यावर दाबतात, त्यामुळे मान खाली वाकते. करायचं उलट: जबडा उचलून चेहरा मास्कमध्ये आणायचा.

त्याआधी डोक्याची ठेवण. मार लागल्याची शंका नसेल तर डोक्याखाली घडी केलेली चादर घाला, म्हणजे कानाचं छिद्र आणि छातीच्या हाडाची वरची खाच एका पातळीत येतात. तान्ह्या बाळाचं डोकं मागून मोठं असतं, म्हणून तिथे घडी खांद्यांखाली. अपघाताचा पेशंट असेल तर मान मागे न झुकवता फक्त जबडा पुढे उचला.

बेशुद्ध पेशंटला घशात प्रतिक्षेप नसेल (घशाला स्पर्श झाला तरी ओकारी येत नसेल) तर तोंडातून एअरवे, म्हणजे जीभ मागे पडू न देणारी वाकडी प्लास्टिकची नळी, टाका. माप ओठाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत. मोठ्या माणसात उलटा घालून टाळूशी पोचल्यावर १८० अंशांत फिरवायचा. लहान मुलांत फिरवायचा नाही, जीभ दाबून सरळच सरकवायचा. पेशंटला ओकारी आली तर लगेच काढा. तोंडात उलटी किंवा रक्त असेल तर आधी सक्शन (यंत्राने ते ओढून काढणं), तेही एका वेळी १० ते १५ सेकंदांच्या आत, कारण तेवढा वेळ त्याला ऑक्सिजन मिळत नसतो.

आता मुख्य घोटाळा. मोठ्यांच्या बॅगेत दीड लिटरच्या आसपास हवा मावते. पेशंटला लागते ५०० ते ६०० मिलिलिटर. म्हणजे बॅग पूर्ण पिळायचीच नसते. एका हाताने, एका सेकंदात, छाती उठताना दिसेपर्यंत, बस्स. जोरात पिळली की हवा अन्ननलिकेतून पोटात जाते, पोट फुगतं, उलटी होते आणि ती फुप्फुसात उतरते. नाडी चालू असेल तर मोठ्या माणसाला सहा सेकंदांना एक श्वास, लहान मुलाला दोन ते तीन सेकंदांना एक. नाडी नसेल तर ३० दाब, दोन श्वास. मुलांमध्ये दोघे जण असाल तर १५ दाब, दोन श्वास. घाबरलेला हात नेहमी घाईच करतो. जास्त श्वास दिले की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि छाती दाबण्याची मेहनत वाया जाते. म्हणून सराव करताना समोर सेकंदकाट्याचं घड्याळ ठेवा.

मॅनिकिनला दाढी नसते, घाम नसतो, तो ओकत नाही. खऱ्या पेशंटच्या दाढीतून हवा गळते. तिथे थोडी जेली लावा. कवळी घट्ट बसलेली असेल तर राहू द्या, ती काढली की गाल आत जातात आणि मास्क बसत नाही. दुसरा माणूस उपलब्ध असेल तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरायचा, दुसऱ्याने बॅग दाबायची. ज्याला अनुभव जास्त त्याच्याकडे मास्क. लोक हे उलट करतात.

बॅगेला रिझर्व्हॉयर (ऑक्सिजन साठवणारी जोडपिशवी) लावून मिनिटाला १० ते १५ लिटर ऑक्सिजनचा प्रवाह ठेवला तर पेशंटला जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन मिळतो. रिझर्व्हॉयर चपटा पडत असेल तर प्रवाह कमी पडतोय.

आणि ऑक्सिजन सिलिंडर किती मिनिटं पुरेल याचं गणित तोंडपाठ हवं. गेजवरचा दाब (बारमध्ये), वजा राखीव १०, गुणिले सिलिंडरची पाण्याची क्षमता, भागिले प्रवाह. छोट्या बी-टाइप सिलिंडरची क्षमता १० लिटर. गेज १०० दाखवत असेल तर ९० गुणिले १० म्हणजे ९०० लिटर. १५ च्या प्रवाहाने ६० मिनिटं. महाबळेश्वरहून साताऱ्याला घाट उतरून जायला दीड तास धरायचा असेल तर १३५० लिटर लागतात. म्हणजे हा सिलिंडर वाटेतच संपणार, आणि हे निघण्याआधी कळायला हवं. गाडीतल्या मोठ्या डी-टाइपची क्षमता सुमारे ४६ लिटर, त्याच दाबावर तो साडेचार तास पुरतो. रेग्युलेटर बसवण्याआधी व्हॉल्व्ह क्षणभर उघडून धूळ उडवा. वॉशर जागेवर आहे ना बघा, गळती बहुधा तिथूनच होते. तेलकट किंवा ग्रीस लागलेले हात व्हॉल्व्हला लावू नका, आग लागू शकते.

ड्युटी घेताना बॅगेची तपासणी दहा सेकंदांची आहे. पेशंटकडचं तोंड तळहाताने बंद करून बॅग दाबा: दाबली जाता कामा नये. दाबली गेली तर कुठेतरी गळती आहे किंवा, धुतल्यानंतर बहुतेक वेळा घडतं तसं, आतला पातळ व्हॉल्व्ह उलटा बसलाय किंवा बसवायचाच राहिलाय. मुलांच्या बॅगेवरचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह मात्र ठरलेल्या दाबाला हवा सोडणारच, त्याला गळती समजू नका. तपासणीपुरता तो बोटाने बंद करा आणि नंतर उघडा आहे याची खात्री करा.