टर्बो बदलण्याआधी काय काय उघडून पाहिलं: जुन्या डिझेल पिकअपचा माझा अनुभव

गाडी अडीच लिटर, चार सिलिंडरची जुनी डिझेल पिकअप. डिझेलचा मेकॅनिकल पंप, साधा वेस्टगेटवाला टर्बो (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा, वेस्टगेट म्हणजे जादा एक्झॉस्ट त्याच्या बाजूने सोडून देणारी झडप), पुढे ती हवा गार करणारा इंटरकूलर. सीझनला दिंडोरी-निफाडची द्राक्षं, एरवी भिवंडीहून नाशिकचा माल. तक्रारी दोन होत्या. लोड घेऊन कसारा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढेना, रेस दिली की मागे काळाकुट्ट धूर आणि बॉनेटखालून फुस्स आवाज. दुसरी म्हणजे सिग्नलला जरा वेळ आयडलवर उभी राहिली की निघताना निळा धूर, आणि डिपस्टिकवर ऑईल उतरलेलं. गॅरेजमधलं निदान एका वाक्याचं: टर्बो गेला, नवीन टाका.

काळा आणि निळा धूर एकाच खात्यात टाकायचे नाहीत. काळा म्हणजे डिझेल जातंय पण हवा पुरत नाही. निळा म्हणजे ऑईल जळतंय. काळ्या धुराचं कारण खुद्द टर्बोत निघतं ते बहुधा शेवटी, म्हणून सुरुवात एअर फिल्टरपासून केली. आपल्याकडच्या शेतरस्त्यांची काळ्या मातीची धूळ एका सीझनमध्ये फिल्टर चोंदवते. अशा वेळी टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढते आणि सीलमधून ऑईलही हवेच्या बाजूला खेचलं जातं. फिल्टर हवा मारून परत बसवण्याची सवय मला पटत नाही. जोराच्या हवेने कागदाला बारीक भोकं पडतात, आणि त्यातून गेलेली धूळ कॉम्प्रेसरच्या (टर्बोच्या हवेकडच्या बाजूच्या) पंखांच्या कडा घासून काढते. नवा फिल्टर टाकला. फिल्टर ते टर्बोचा पाईप आतून पुसला, बोटाला माती लागली नाही, म्हणजे ती वाट ठीक.

फुस्स आवाजासाठी प्रेशर टेस्ट. टर्बोच्या तोंडाच्या होजमध्ये घट्ट बसेल अशी पीव्हीसीची एंड कॅप घेतली, मधोमध भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला आणि वरून क्लॅम्प आवळला. ब्रीदरचा (इंजिनच्या पोटातली वाफ इनटेककडे नेणारा) पाईप इनटेकपासून काढून ते तोंड बुचाने बंद करायचं, नाहीतर सगळी हवा क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोटात जाते. हवा रेग्युलेटर लावून जास्तीत जास्त १५ पौंड, म्हणजे साधारण १ बार. पंक्चरवाल्याची नळी थेट लावली तर कॅप उडून तोंडावर येईल. तसंही कॅपच्या समोर उभं राहायचंच नाही. एखादा व्हॉल्व्ह उघडा असेल तर थोडी हवा इंजिनमधून जातेच, क्रँक पान्याने थोडा फिरवला की कमी होते. मग प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी. इंटरकूलरच्या खालच्या होजला क्लॅम्पच्या अगदी कडेला फेस आला. होज काढून वाकवला तेव्हा दिसलं, आतून ऑईलने रबर फुगून मऊ पडलं होतं आणि चीर फक्त ताण आला की उघडत होती. गाडी बंद असताना हात फिरवून ती सापडली नसती.

ही गळती फक्त ओढ खात नाही. वेस्टगेट उघडणाऱ्या ॲक्च्युएटरला पुरेसं प्रेशर पोचत नाही, वेस्टगेट बंद राहतो आणि टर्बो गरजेपेक्षा जास्त फिरत राहतो. शाफ्ट लाखाच्या वर आरपीएमने फिरतो, तिथे जास्तीचा वेग बेअरिंगच्या जिवावर येतो. होज आणि दोन्ही टी-बोल्ट क्लॅम्प नवे टाकले. दातेरी पट्टीचे स्वस्त क्लॅम्प बूस्टच्या (टर्बोने दाबलेल्या हवेच्या) होजला लावू नयेत, होज कापतात. काळा धूर गेला, गाडी ओढायला लागली. निळा तसाच.

आता निळ्याकडे. व्हॉल्व्ह सील गेले तरी आयडलनंतर अगदी असाच धूर येतो, म्हणून ऑईल कुठून येतंय ते आधी ठरवावं लागतं. सायलेन्सरचा पुढचा पाईप सोडला आणि टर्बाईनच्या (टर्बोच्या एक्झॉस्टकडच्या बाजूच्या) बाहेरच्या तोंडात टॉर्च मारला: ओलं, चकचकीत काळं. मॅनिफोल्ड सोडून पोर्ट पाहिले तर चारही कोरडे, राखेसारखे. इंजिनकडून ऑईल येत असतं तर पोर्ट ओले दिसले असते. म्हणजे ऑईल टर्बोतच गळत होतं. पण याचा अर्थ टर्बोच खराब असा लगेच काढायचा नाही. टर्बोच्या शाफ्टला रबरी सील नसतं, पिस्टन रिंगसारखी बारीक लोखंडी रिंग असते. मधल्या हाउसिंगमध्ये ऑईल तुंबलं तर ती काही अडवत नाही. तुंबण्याची कारणं दोन: टर्बोतलं ऑईल परत इंजिनात नेणारा रिटर्न पाईप चोंदलेला, किंवा क्रँककेसमध्ये बॅक कॉम्प्रेशन (सिलिंडरमधून खाली निसटणारा दाब). आयडलवर ऑईलचं झाकण काढून त्याच जागी उलटं ठेवलं, उडालं नाही, धुराचे झोतही नव्हते, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन नव्हतं. ब्रीदरचा पाईप मात्र चिकट झाला होता, तो धुतला.

रिटर्न पाईप काढला आणि बरंच उलगडलं. आतमध्ये जळक्या ऑईलचा थर, आणि टर्बोकडच्या फ्लँजजवळ सिलिकॉन गॅस्केटचा वाटाण्याएवढा गोळा. आधीच्या कामात कुणीतरी पेपर गॅस्केटवर ट्यूब पिळली होती. टर्बोच्या ऑईलच्या सांध्यांना, येणाऱ्या असो की जाणाऱ्या, सिलिकॉन लावायचं नाही. फीडचा, म्हणजे टर्बोला ऑईल आणणाऱ्या पाईपचा, पोकळ बँजो बोल्टही काढला. त्याचं भोक कार्बनने बारीक झालेलं. लोडवर घाट चढून इगतपुरीला चहासाठी थांबल्या थांबल्या चावी फिरवली की असंच होतं. ऑईल पंप थांबतो, टर्बाईन तापलेलीच राहते आणि बेअरिंगमधलं ऑईल तिथेच शिजतं. एक-दोन मिनिटं आयडल पुरतं.

शाफ्ट हाताने हलवून पाहिला. आडवा खेळ थोडा असतोच, बुश (शाफ्टची बेअरिंगं) ऑईलच्या थरावर तरंगणारे असतात. तेवढ्यावरून टर्बो फेकायला सांगणारे खूप भेटतात. बघायचा तो पुढे-मागे होणारा खेळ. अशा टर्बोंना तो ०.१ मिमीच्या आत हवा. डायल गेज लावला, दुपटीच्या आसपास भरला, आणि कॉम्प्रेसरच्या पंखांनी हाउसिंगला घासल्याची चकाकणारी रेघही होती. इथे मग पर्याय नव्हता. अख्खा टर्बो न घेता बॅलन्स करून आलेलं कार्ट्रिज, म्हणजे शाफ्ट, पंख आणि बेअरिंगसकट मधला भाग, घेतलं. नुसतं बुश-रिंगचं कीट टाकून हातावर जुळवणं या वेगाला चालत नाही. बॅलन्सिंगचा कागद बरोबर येत नसेल तर ते कार्ट्रिज घेऊ नये.

टर्बो उतरवताना वेळ खातात ते मॅनिफोल्डचे स्टड. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं ऑईल मारून ठेवलं, सकाळी नट गरम करून मागे-पुढे करत काढले. एकाच दिशेला जोर दिला की स्टड तुटतो आणि काम लेथवर जातं. खोलण्याआधी दोन्ही हाउसिंग आणि मधल्या भागावर सेंटर पंचने खुणा केल्या, नाहीतर फीडचं तोंड भलत्याच कोनात येतं. फीड वर आणि रिटर्न सरळ खाली असायला हवा. ॲक्च्युएटरच्या रॉडचा नट हलवला नाही. हातपंपाने तपासला तर प्रेशर धरत होता आणि रॉड ०.९ बारला सुटत होता, म्हणजे त्याला हात लावायचं कारणच नव्हतं. ओढ वाढावी म्हणून रॉड आखूड करून देणारे आहेत. नव्या कार्ट्रिजला त्याने पहिल्याच घाटात त्रास.

इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑईल काढणं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. तोंडं खाली करून रात्रभर टांगला, मग डिझेलने, नंतर डिग्रीझर आणि पाण्याने धुतला, हवा मारून पूर्ण वाळवला. आत ऑईल राहिलं तर ते इंजिनात ओढलं जातं आणि इंजिन स्वतःच रेस घेतं, चावी काढूनही थांबत नाही. तसं झालंच तर वरचा गिअर, ब्रेक दाबून क्लच सोडायचा; इनटेकवर हात ठेवायचा नाही. पंख तुटलेला टर्बो असेल तर इंटरकूलर धुण्याच्या भानगडीत न पडता बदलावा, धातूचे कण त्यातून निघत नाहीत.

बसवताना फीड पाईप आणि बँजो बोल्ट नवे, तांब्याचे वॉशर नवे, रिटर्नला कोरडं गॅस्केट. इंजिन ऑईल आणि फिल्टर बदलले, १५डब्ल्यू-४०. फीडच्या भोकात स्वच्छ ऑईल २०-३० मिली ओतून शाफ्ट हाताने फिरवला. रिटर्न पाईप मुद्दाम सुटा ठेवून खाली डबा लावला, गाडी सुरू होऊ नये म्हणून डिझेल पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढली आणि १० सेकंदांचा सेल्फ, मधे विश्रांती, असं डब्यात ऑईल यायला लागेपर्यंत केलं. मग पाईप जोडून, वायर लावून गाडी सुरू केली आणि पाचेक मिनिटं रेस न देता आयडलवर ठेवली. सुरुवातीला सायलेन्सरमधलं जुनं ऑईल जळून निळसर धूर येतो, तो लोडवर एक फेरी मारली की जातो. न गेल्यास रिटर्न पुन्हा बघावा.

इनटेकच्या पाईपला टी टाकून बूस्ट गेज कायमचा बसवला आहे. कसारा चढताना लोडवर १ बारच्या आसपास धरतो. काटा त्याहून खाली राहायला लागला आणि धूर काळा असला, तर आधी होज आणि क्लॅम्प. मॅनिफोल्डचे नट पहिल्या दोन-तीन गरम-थंडनंतर गार इंजिनवर पुन्हा आवळले, आणि ऑईल या वेळेपुरतं १,००० किमीलाच बदललं.