तीन गिटारी, एक अँप आणि चोर्ल्याचा घाट

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या दुकानावर अजून वडिलांच्या काळचीच पाटी आहे : हार्मोनियम दुरुस्ती व ट्यूनिंग. त्याखाली 'गिटार, अँप, पेडल' हे तीन शब्द मी नंतर रंगवून घेतले. अँप म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र, पेडल म्हणजे तो आवाज बदलणारं पायाखालचं यंत्र. पाटी बदलावी असं बऱ्याच जणांनी सुचवलं. मला ती बदलायची नाही, कारण खालची ओळ वरच्या ओळीतूनच आली आहे.

पं. रामभाऊ विजापुरे यांच्यासारखा पेटीवादक ज्या बेळगावात राहिला, ज्यानं इथं पिढ्या शिकवल्या, तिथं पेटीची दुरुस्ती करणाऱ्याला काम कमी नव्हतं. वडील भाता बदलायचे, गुजरातेतल्या पालिताण्याच्या रीड, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी पट्ट्या बसवायचे, त्यांचे खर्ज-नर संच जुळवायचे. रीडचं टोक घासलं की सूर चढतो आणि बुडाशी घासलं की उतरतो, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. तंबोरे-सतारींसाठी मात्र सगळ्यांची वाट मिरजेची. बारावीनंतर मीही तिथं एका कारागिरांकडे दीड वर्ष जवारी काढायला, म्हणजे तारेखालची घोडी घासून तारेला झणकार आणायला शिकलो. हाडाची घोडी कानसीवर किती घासायची आणि कुठे थांबायचं, ते बोटांना कळायला तेवढा वेळ लागतोच.

गिटार आमच्याकडे आली ती चुकून. टिळकवाडीतला एक कॉलेजचा मुलगा इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. मोकळी तार छेडली की झणझण आवाज यायचा, बोट दाबून वाजवलं की स्वच्छ. दोन दुकानांत त्याला 'पिकअप (तारेचं कंपन पकडणारा भाग) गेलाय' असं सांगितलं होतं. वडील पेटी पुसत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "ह्याला जवारी कुणी काढली?"

दोष नेमका तिथंच होता. गिटारच्या मानेवर, खुंट्यांच्या खाली जो नट असतो, त्याच्या खाचेचा तळ घासून सपाट झाला होता. तार पुढच्या कडेवर टेकण्याऐवजी सगळ्या तळाला चाटत होती. सतारीत आम्ही हेच मुद्दाम करतो, तासन्‌तास घालवून करतो. गिटारमध्ये हा दोष. मी हाडाची भुकटी खाचेत भरली, त्यावर फेविक्विकचा थेंब सोडला, वाळल्यावर खुंट्यांच्या बाजूला उतार ठेवून खाच नव्याने कापली. तार वाजवल्यावर तो मुलगा काही बोललाच नाही, नुसता वाजवत बसला. अर्ध्या तासानं म्हणाला, "दादा, अजून दोन आहेत घरी, आणू?"

तोच मुलगा पुढे रॉक बँडमध्ये गेला. बेंगळुरू, पुणे, हुबळी, गोवा असे त्याचे दौरे सुरू झाले. त्याच्या गिटारी सांभाळता सांभाळता आमचा व्यवसाय उभा राहिला. आज दौऱ्यावर असणारे आणखीही वादक आमच्याकडे येतात, पण जे काही शिकलो ते त्याच्या तीन गिटारींवर.

सुरुवातीला मी काम करायचो ते पेटीसारखं. म्हणजे एकदा नीट लावून द्यायचं. मान सरळ केली, बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची आडवी धातूची पट्टी) तारांची उंची बसवली, इंटोनेशन, म्हणजे मानेवर सगळीकडे सूर बरोबर लागणं, जुळवलं, झालं. गिटार आठ दिवसांत परत यायची. तो म्हणायचा, पणजीत तारा उंच वाटल्या. पुढच्या वेळी म्हणायचा, विजापुरात फ्रेटची टोकं बोटाला कापत होती. मला वाटायचं, माझ्याच हातून काहीतरी राहून जातंय.

मग एकदा त्याच्याबरोबर टेम्पोत बसून गेलो. जुलै महिना. जांबोटी सोडली तसा पाऊस जो लागला तो कणकुंबी ओलांडून चोर्ल्याचा घाट उतरेपर्यंत थांबला नाही. मध्ये चहाला थांबलो तेव्हा त्यानं कौतुकानं गिटारची केस उघडून अकूस्टिक, म्हणजे विजेशिवाय वाजणारी पोकळ गिटार काढली. वीस मिनिटं ती त्या धुक्यात बाहेर होती. संध्याकाळी पणजीत मोजलं तर तिचं पोट फुगून तारा अर्ध्या मिलिमीटरने वर गेलेल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये हीच गिटार विजापूरला गेली होती. तिथल्या कोरड्या हवेत फ्रेटबोर्डचं, म्हणजे फ्रेट बसवलेल्या फळीचं लाकूड आकसलं होतं. धातू काही आकसत नाही, म्हणून फ्रेटची टोकं कडेबाहेर आली होती.

बेळगाव कुठल्या राज्यात असावं यावर आमच्याकडे घराघरात बोललं जातं. माझ्या धंद्याला मात्र दुसरीच सीमा सांभाळावी लागते, ती पावसाची. पश्चिमेला खानापूरचं जंगल आणि त्यापलीकडे समुद्र, पूर्वेला अथणी-विजापूरचा कोरडा माळ. आमचं गाव बरोबर मधोमध. आठवड्यात दोन कार्यक्रम करणारा वादक दोन्हीकडे जाऊन येतो आणि त्याच्या गिटारीला दोन ऋतू सोसावे लागतात.

तेव्हापासून वही सुरू केली. वडिलांचीही होती, पेटीगणिक एक पान. आमच्या वहीत गिटारगणिक दहा-पंधरा पानं असतात. एक नोंद अशी : 'ऑगस्ट, गोव्याहून. दुकानात आर्द्रता ८२ टक्के. मुख्य गिटार : बाराव्या फ्रेटवर जाड तार १.९, बारीक १.६. मानेचा बाक ०.३५. रॉड पाव फेरा कसला. रात्रभर ठेवून पुन्हा मोजणे.' शेवटचे चार शब्द सगळ्यांत महत्त्वाचे. मानेतला लोखंडी रॉड फिरवला की लाकूड लगेच बसत नाही, त्याला रात्र लागते. बाक मोजायचा तो पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून, शेवटचा फ्रेट बोटानं दाबून, मधल्या सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट गेजनं बघून. आम्ही ती ०.२ ते ०.३ मिलिमीटरमध्ये ठेवतो. दुकानातल्या एका काचेच्या कपाटात आर्द्रता पन्नासच्या आसपास राहील अशी सोय केली आहे. दौऱ्यावरची केस सभागृहात पोचली की तासभर बंदच ठेवायची, आतल्या गिटारीला तिथली हवा हळूहळू लागू द्यायची. एवढ्या एका नियमानं आमचं निम्मं काम कमी झालं.

पण लाकूड चुकलं तर गाणं बिघडतं, वीज चुकली तर माणूस जातो. हे मी पुस्तकात वाचलं नाही.

जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी मैदानावर कार्यक्रम होता. जनरेटर, मांडवाच्या दोऱ्यांना गुंडाळलेल्या वायरी. साऊंडचेकला गिटारमध्ये घरघर येत होती, मग अचानक थांबली. मला बरं वाटलं. आमचा गिटारवादक गिटार गळ्यात घालून माईकजवळ गेला आणि ओठ लागताच मागे फेकला गेला. त्याचा डावा हात तारांवर होता. मी मल्टिमीटरची एक पिन तारेला लावली, दुसरी माईकच्या जाळीला. काटा १०८ व्होल्टवर. मागे जाऊन बघितलं तर घरघर घालवायला कुणीतरी अँपच्या वायरीचा अर्थिंगचा जाड पाय मोडून टाकला होता. गिटारच्या तारा केबलमधून अँपच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. अँपला अर्थिंग नसलं की तो पत्रा अधांतरी व्होल्टेजवर लोंबतो आणि वादकाचं शरीर मधली वायर बनतं. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी शहरात स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून स्टेजवरच गेला. आमच्याकडे त्या दिवशी ओठ भाजण्यावर निभावलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. घरघर थांबली तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे आठवून अजून अंगावर काटा येतो. आता माझा पहिला प्रश्न असतो, आणि तो मी कानडीतच विचारतो, कारण मांडववाले बहुतेक कानडी असतात : "अर्थिंग ऐतेन्री?" म्हणजे, अर्थिंग आहे का? नसेल तर कोळसा-मीठ घालून सळई पुरून घेतो, पाणी ओततो, मीटर लावतो. अँप आणि मिक्सर एकाच बोर्डावरून चालवायचे. घरघर घालवायची तर डीआय बॉक्सवरचं (गिटारचा आवाज मिक्सरकडे नेणाऱ्या डबीवरचं) बटण वापरून आवाजाच्या वायरीत, विजेच्या वायरीत कधीच नाही. आणि कितीही घाई असो, वादकानं माईकला ओठ लावायच्या आधी मी स्वतः तार आणि जाळी मोजणार. यावरून दोनदा आयोजकांशी वाद झाला. एकदा कार्यक्रम चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाला. मला त्याची खंत नाही.

व्हॉल्व्हचा अँप हे सौभाग्यवतींचं खातं. लग्नाआधी ती ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगच्या कारखान्यात होती, त्यामुळे शंभर वॅटच्या अँपचं झाकण उघडायला मी जितका घाबरायचो तितकी ती घाबरली नाही. पण तिची शिस्त कडक. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चारशेहून जास्त व्होल्ट धरून राहतात, म्हणून रेझिस्टरमधून ते उतरवल्याशिवाय आणि मीटरवर शून्य बघितल्याशिवाय आत बोट नाही. एक हात पाठीमागे. दुकानात शिकायला येणाऱ्या मुलांना सोल्डरिंगच्या आधी ती हे शिकवते. अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा अँप कुणी सरळ आपल्या २३० व्होल्टला लावला की तो तिच्याच टेबलावर येतो. स्पीकर न जोडता अँप चालू करणारेही येतात. त्यांना ती आउटपुट ट्रान्सफॉर्मरची जळकी तार हातात देते.

उद्यमबागेचं, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीचं नाव घेतल्याशिवाय ही हकिकत पुरी होणार नाही. आमच्या त्या गिटारवादकाच्या दुसऱ्या गिटारीला लॉकिंग ट्रेमोलो आहे, म्हणजे दांडी ओढून सूर हलवता येणारा ब्रिज. तो ब्रिज दोन खुंटांवर सुरीच्या धारेसारखा टेकलेला असतो आणि एका बाजूला तारांचा ताण, दुसऱ्या बाजूला मागच्या स्प्रिंगा यांच्या तोलावर तरंगतो. एक तार तुटली की तोल जातो आणि उरलेल्या पाचही तारा बेसूर होतात. एका दौऱ्याच्या तोंडावर लक्षात आलं की एक खुंट धारेनं खाऊन त्यावर घळ पडली आहे, दांडी ओढल्यावर ब्रिज मूळ जागी येतच नाही. परदेशातून भाग यायला तीन आठवडे लागणार होते, कार्यक्रम शनिवारी. मी खुंट घेऊन एका लेथवाल्या मित्राकडे गेलो. हायड्रॉलिकचे भाग बनवणारा माणूस, गिटार त्यानं कधी हातात धरली नव्हती. भिंग लावून बघितलं आणि विचारलं, "आटे मेट्रिक आहेत की इंचाचे?" मला सांगता येईना. त्यानं गेज लावून बघितलं, रात्री आठला मशीन लावलं आणि साडेनऊला कडक केलेल्या पोलादाचे दोन खुंट माझ्या तळहातावर ठेवले. ते आजही त्या गिटारीत आहेत. पैसे विचारले तर म्हणाला, शनिवारचे दोन पास दे. बेळगावात असा धंदा करता येतो तो अशा माणसांमुळे.

फ्रेटबोर्डांचं एक सांगायला हवं. त्यातले कित्येक शिसवीचे असतात आणि ती शिसव बऱ्याचदा आपल्या पश्चिम घाटातली असते. परदेशात जाऊन गिटार होऊन ती परत खानापूरच्या वाटेनं माझ्या टेबलावर येते, तेव्हा तेलाचा हात फिरवताना मला वेगळंच वाटतं. २०१७ साली शिसवीच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले तेव्हा परदेशी गिऱ्हाइकांच्या कागदपत्रांनी आम्हाला बेजार केलं. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली.

२०२० मध्ये कार्यक्रम थांबले आणि दौऱ्यांचं काम शून्यावर आलं. त्या काळात आम्हाला पेटीनंच जगवलं. घरात पडून असलेल्या जुन्या पेट्या लोकांनी काढल्या आणि वडील पुन्हा सकाळी नऊला दुकानात येऊन बसायला लागले.

आता आम्ही चौघं आहोत, दोन मुलं शिकतायत. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तारा बदलून ताणून घेणं, पेडलच्या बटणांच्या जागा पांढऱ्या पट्टीनं नोंदवणं, पेडल एकमेकांना जोडणाऱ्या पॅच केबल एकेक हलवून बघणं ही कामं तीच करतात. त्यांना वडील एवढंच सांगतात, "आवाज कुठनं येतोय ते आधी ऐक, हात मागनं लाव." मीही त्यांना पान्यांची पेटी पहिले सहा महिने देत नाही. नुसतं मोजायचं आणि वहीत लिहायचं.

तुमची गिटार आणणार असाल तर एक विनंती. तारा सैल करून आणू नका, ताणाखाली मान कशी उभी आहे हेच आम्हाला बघायचं असतं. केस बंद ठेवून आणा. आणि गेल्या महिन्याभरात ती कुठे कुठे फिरली, घाट उतरली का, उन्हात टेम्पोत किती वेळ होती, हे आठवून या. वहीच्या पानावर आम्ही आधी तेच लिहितो.